सारांशाची वही

दिवाळीच्या आधी आठ दिवस जिन्यात शेजारच्या वहिनी भेटल्या. एका हातात मेथीच्या जुड्या, दुसऱ्या हातात लेकीचं दप्तर. म्हणाल्या, "ताई, तुम्ही एवढं वाचता. आमच्या पिल्लूला एक वाचनाचा तक्ता करून द्या ना! पाचवीत गेली, पण अभ्यासाचं सोडून एक पुस्तक हातात धरेल तर शपथ. रोज किती पानं, महिन्याला किती पुस्तकं, सगळं लिहून द्या. मी फ्रिजवर लावते."

"देते की," म्हटलं. कुणी 'तुम्ही एवढं वाचता' म्हटलं की मी विरघळते, हा माझा जुना रोग आहे.

तर तक्त्यासाठी एखादी कोरी वही मिळते का म्हणून कपाटाचा खालचा खण उपसला आणि हाताला लागली एक जुनी फुलस्केप वही. खाकी कव्हर, त्यावर लेबल, लेबलावर माझ्याच अक्षरात 'वाचन नोंदवही'. आत लाल बॉलपेननं आखलेले रकाने : तारीख, पुस्तकाचं नाव, लेखक, पानं, सारांश (दहा ओळी), मिळालेला बोध, सही. डाव्या बाजूला एक ते बावन्न आकडे आधीच घालून ठेवलेले. बावन्न आठवडे, बावन्न पुस्तकं!

त्यातल्या नऊ ओळी भरलेल्या आहेत. पुढची सगळी पानं कोरी.

ही वही माझ्या भाच्याची. म्हणजे केली मी, भरायची त्यानं. आणि ती नवव्या ओळीवर का थांबली हे मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून हे सगळं लिहायला बसले. (ताई, तू हे वाचणारच आहेस. वाचून लगेच फोन करू नकोस. तुझ्या लेकाला विचारूनच लिहितेय.)

गोष्ट २०११ सालची. ताई आणि भाऊजींची बदली झाली होती, म्हणून सहावीचं वर्ष भाचा आमच्याकडे होता. आम्ही द्वारकेला राहतो, काठे गल्लीच्या अंगाला. तेव्हा महामार्गावर उड्डाणपुलाचं काम चालू होतं, दिवसभर धूळ आणि आवाज, त्यामुळे खेळायला खाली जाणं कमीच. पण पोराला त्याचं काही नव्हतं. तो वाचायचा. काय वाचायचा? जे दिसेल ते! 'किशोर'चे जुने अंक, 'चांदोबा', फास्टर फेणे, भेळेचा कागद, कुकरबरोबर आलेली माहितीपुस्तिका, एलआयसीच्या पावत्यांच्या मागचा मजकूर. जेवणाच्या टेबलाखाली आडवं पडून वाचायचा. हाक मारली तर ऐकू जायचं नाही. एकच फास्टर फेणे संपला की पुन्हा पहिल्या पानापासून सुरू.

हे बघून एखाद्या शहाण्या बाईनं काय केलं असतं? पोराला टेबलाखाली पडू दिलं असतं आणि वरून बशीभर चिवडा सरकवला असता. मी मात्र हुशार मावशी! मला वाटलं, याला वाचनाची आवड आहे, आता तिला वळण लावू. म्हणून यादी केली. चरित्रं, थोरांची बालपणं, 'श्यामची आई', विज्ञानकथा, प्रवासवर्णनं. यादी उत्तम होती, आजही त्यातलं एकही पुस्तक मी खोडणार नाही. दर आठवड्याला एक पुस्तक, रविवारी संध्याकाळी दहा ओळी सारांश, बोध, मग माझी सही आणि सोनेरी चांदणी. दहा चांदण्या झाल्या की क्रिकेटची बॅट.

आता वही उघडून वाचते तर हसू येतं आणि लगेच विरतं. 'श्यामची आई'समोर बोध : 'आईचे ऐकावे.' एका थोर शास्त्रज्ञाच्या चरित्रासमोर बोध : 'कष्ट करावे.' दुसऱ्या थोर माणसासमोर बोध : 'खूप कष्ट करावे.' आणि फास्टर फेणेसमोर (हा त्यानं यादीत नसताना हट्टानं घुसवला होता) बोध : 'सायकल नीट चालवावी.'

नववी ओळ सारांशाची. पहिलंच वाक्य, 'ही एक हृदयस्पर्शी आणि संस्कारक्षम कलाकृती आहे.' अकरा वर्षांचं पोर 'कलाकृती' लिहीत नाही. मी पुस्तक उलटं केलं, तर मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा. झालं! रात्री जेवताना सगळ्यांसमोर म्हटलं, "वाचनातसुद्धा चोरी?" तो ताटाकडे बघत म्हणाला, "मावशी, मी वाचलंय गं ते. आवडलंय पण. पण दहा ओळी काय लिहू?"

खरंच वाचलं होतं. दोन दिवसांनी आमच्या आईंना तो त्याच पुस्तकातली गोष्ट रंगवून सांगत होता, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. तरीही मी वही मागे घेतली नाही. त्यानं मात्र दहावी ओळ कधी भरली नाही, बॅट मागितली नाही, आणि हळूहळू टेबलाखालीही जाईनासा झाला. आम्ही सगळे म्हणालो, मोठा होतोय, क्रिकेटचं वेड लागलंय, अभ्यास वाढलाय.

यंदा दिवाळीत तो पुण्याहून आला तेव्हा वही त्याच्या हातात दिली. सायकलीच्या बोधावर पोट धरून हसला. मग पानं चाळता चाळता म्हणाला, "कामाचं ढीगभर वाचतो गं मावशी. पण गोष्टीचं पुस्तक उघडलं की तिसऱ्या-चौथ्या पानावर वाटतं, आता याचं काहीतरी सांगावं लागणार. मग ठेवून देतो."

चौदा वर्षं झाली. अजूनही त्याला वाटतं, कुणीतरी रविवारी वही तपासणार आहे.

असो. भाच्याचं पुराण इथे संपलं. आता भांडणाकडे वळते, कारण हे माझ्या एकटीच्या घरातलं पाप असतं तर मी ते गुपचूप खणात परत ठेवलं असतं. पण ही वही आज घरोघरी आहे, शाळाशाळांत आहे. कुठे तिला 'रीडिंग लॉग' म्हणतात, कुठे 'माझी वाचनडायरी', कुठे '२१ दिवस वाचन चॅलेंज'. आणि ही वही करणारे सगळे माझ्यासारखेच चांगल्या हेतूची माणसं आहेत. म्हणूनच स्पष्ट बोलायला हवं. मुलाकडून वाचनाचा हिशेब मागायला लागलं, की हिशेब राहतो आणि वाचन जातं.

हे मी केवळ हळहळून म्हणत नाहीये. अमेरिकेत १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. आपण होऊन आवडीनं स्केचपेननं चित्रं काढणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर छान प्रशस्तिपत्रक मिळेल, आणि ते दिलं. काहींना न सांगता अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेनं ठेवली, बक्षीस वगैरे काही नाही. तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं स्केचपेनांकडे बाकीच्यांपेक्षा निम्माच वेळ फिरकली. जे काम ती स्वतःच्या मजेसाठी करत होती, ते आता मजुरीचं काम झालं होतं, आणि मजुरी बंद झाल्यावर काम कोण करतो? माझ्या सोनेरी चांदण्या म्हणजे हेच.

आणि ते एकवीस दिवस! कुणीही उठतो आणि म्हणतो, एकवीस दिवस करा, सवय लागते. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. त्याचं निरीक्षण असं होतं की ऑपरेशननंतर बदललेल्या चेहऱ्याला सरावायला रुग्णाला किमान एकवीस दिवस लागतात. त्यातला 'किमान' गळून पडला आणि चेहऱ्याचा नियम सवयींना लागू झाला. प्रत्यक्षात लंडनच्या विद्यापीठात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ माणसांच्या रोजच्या साध्या सवयी तपासल्या (हे २००९ साली प्रसिद्ध झालं). एखादी गोष्ट अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवसांचा, आणि माणसागणिक फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत! मला त्यातला आणखी एक निष्कर्ष जास्त आवडतो. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवयीचं फारसं बिघडत नाही. म्हणजे बघा, आपण नेमकं उलटं करतो. एक दिवस चुकला की तक्त्यावर लाल फुली मारतो, आणि एकवीस दिवस झाले की टाळ्या वाजवून दुकान बंद.

शाळांबद्दल लिहिताना जरा जपून लिहायला हवं, कारण नातेवाइकांत निम्मे शिक्षक आहेत. २०१५ पासून आपल्या राज्यात १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिवशी, वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. कल्पना छान आहे. निदान वर्षातला एक दिवस तरी पुस्तकाच्या नावानं उजाडतो. पण माझ्या माहितीतल्या एका शाळेत त्या दिवशी काय होतं ते सांगते. सकाळी कपाट उघडतं. मुलं मैदानात रांगेत बसतात, प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक. कुठलं? जे वाटणाऱ्याच्या हाताला आलं ते. फोटो निघतात. ग्रुपवर जातात. दुपारी पुस्तकं मोजून कपाटात. कुलूप. एका मुलीचं गोष्टीतलं शेवटचं पान राहिलं होतं, तिनं बाईंना विचारलं, घरी नेऊ का? बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी पुरं कर हं!

बाई विनोदानं म्हणाल्या असतील. पण तो खराही आहे.

त्या बाईंची बाजूही ऐकली मी. पुस्तक हरवलं तर दाखल नोंदवहीत आकडा जुळत नाही. फाटलं तर निर्लेखन करायचं, म्हणजे ठराव आला, सह्या आल्या, तपासणीला उत्तरं आली. लहान शाळेत ग्रंथपाल नसतोच. हे सगळं वर्ग सांभाळून बाईंनीच करायचं. मग कुलूप लावलेलं कपाट हेच सर्वांत सुरक्षित ग्रंथालय. पुस्तक फाटलं तर जाब विचारायला दहा जण आहेत, पण एकाही मुलानं वर्षभरात पुस्तक उघडलं नाही म्हणून जाब विचारणारं कुणी नाही! आपल्याच देशाच्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिलाच नियम हा की पुस्तकं वापरासाठी असतात. त्याला शतक होत आलं. मी तर म्हणेन, ज्या शाळेतली पुस्तकं वर्षाअखेरीस कोरी करकरीत असतील तिला जाब विचारा, आणि जिथली फाटली असतील तिचा सत्कार करा.

आमच्या द्वारकेचंच उदाहरण घ्या. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जिथे एकमेकांना भिडतात तो हा चौक. उड्डाणपूल २०१३ साली खुला झाला, त्याबरोबर पायी चालणाऱ्यांसाठी भुयारी मार्गही झाला होता. कागदावर उत्तम योजना. पण वर्षानुवर्षं माणसं जीव मुठीत धरून वरूनच रस्ता ओलांडत राहिली. मीही. आणि आम्हीच एकमेकांना म्हणायचो, लोकांना शिस्तच नाही. रिक्षा कुठे थांबते, माणूस उतरतो कुठे, त्याला जायचं असतं कुठे, संध्याकाळी सात वाजता एकटी बाई त्या जिन्यानं खाली उतरेल का, हे आधी कुणी विचारलं होतं? वाचनाच्या योजनांचं तेच झालंय. पोरं कुठून कुठे जातात ते बघायचं नाही, भुयार खणून ठेवायचं, आणि ती त्यात उतरली नाहीत की म्हणायचं, आजकालच्या मुलांना वाचनाची आवडच नाही.

आता माझ्याशी भांडणाऱ्यांचं म्हणणं. तीन मुद्दे नेहमी येतात.

पहिला मुद्दा : "तपासलं नाही तर समजलं की नाही कसं कळणार?" बरोबर आहे. आकलन शिकवायलाच हवं, तपासायलाही हवं. त्यासाठी पाठ्यपुस्तक आहे, तास आहे, उताऱ्याखालचे प्रश्न आहेत. तिथे खुशाल तपासा. माझं म्हणणं एवढंच की रात्री गोधडीत घेतलेल्या पुस्तकापर्यंत तो लाल पेन येऊ देऊ नका. दानिएल पेनाक नावाच्या फ्रेंच लेखकानं, जो स्वतः शाळेत शिकवायचा, १९९२ साली एका पुस्तकात वाचकाचे दहा हक्क सांगितले. पानं गाळण्याचा हक्क त्यात आहे, पुस्तक अर्धवट सोडण्याचा आहे, तेच पुन्हा वाचण्याचा आहे, वाटेल ते वाचण्याचा आहे. आणि शेवटचा हक्क, वाचलेल्याबद्दल गप्प राहण्याचा. हे मला २०११ साली कुणी सांगायला हवं होतं. एखादं पुस्तक खरंच आवडलं की आपणही काही दिवस कुणाशी बोलत नाही. मग अकरा वर्षांच्या पोराला रविवारी संध्याकाळी दहा ओळी का मागायच्या?

दुसरा मुद्दा : "मोकळं सोडलं तर मोबाईल घेतील, पुस्तक नाही." हाही खरा आहे, आणि म्हणूनच मी 'मोकळं सोडा' असं म्हणतच नाही. मोबाईल हाताशी असतो, चार्ज केलेला असतो, आणि घरातला प्रत्येक मोठा माणूस तो बघत असतो. पुस्तक कपाटात, काचेच्या आत, दिवाळीच्या दिवाळी पुसायला निघतं. मग लढत बरोबरीची कशी होणार? जेवताना बाबा फोन बघणार, आई मालिका बघणार आणि पोराला सांगणार, जा, आत जाऊन वाच! 'आत जाऊन' म्हणजे शिक्षाच ना ती?

तिसरा मुद्दा सगळ्यांत जड आहे, आणि तो माझ्या मैत्रिणीनं मांडला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. म्हणाली, "तुझं ठीक आहे, तुझ्या भाच्याला वाचता येत होतं. माझ्या पाचवीतल्या निम्म्या पोरांना धड वाचताच येत नाही. त्यांना कसली निवड देतेस?" २०२२ च्या 'असर' पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या अवघ्या ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला होता. २०२४ मध्ये आकडा सुधारला, तरी निम्म्याच्या आतच राहिला. मैत्रिणीचं खरं आहे. ज्याला अक्षराला अक्षर जोडताना घाम फुटतो त्याला 'तुझं तू निवड' म्हणणं ही थट्टा आहे. त्याला आधी वाचून दाखवायला हवं. रोज, मोठ्यानं, गोष्ट रंगात आली की उद्यावर टाकून. आणि मग त्याच्या हातात त्याला झेपेल असं, चित्रांचं, चार ओळींचं पुस्तक द्यायला हवं, तो पाचवीत असला तरी 'हे बालवाडीचं आहे' असं न हिणवता. अशा पुस्तकांचा दुष्काळ आता पूर्वीइतका नाही. प्रथम बुक्सनं २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टीही फुकट वाचता येतात, पायरीपायरीनं लावलेल्या. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर'चे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर खुले केलेत. पण सारांशाची वही या मुलांनाही लागू होत नाहीच. ज्याला वाचायला कष्ट पडतात त्याच्यावर वर लिहिण्याचे कष्ट लादले, तर तो दोन्ही सोडतो.

मग योजना नकोच का? हवी. पण ती मोठ्यांसाठी हवी. तक्ता फ्रिजवर लावायचाच असेल तर त्यावर आईबापांचं नाव लिहा.

पहिलं काम, पुस्तक हाताला लागेल असं ठेवणं. आमच्या नाशिकनंच याचा धडा घालून दिला आहे. २००९ साली कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. लोक वाचनालयात येत नाहीत ना, मग पुस्तकांची पेटीच सोसायटीत, ऑफिसात, वाचणाऱ्यांच्या गटात नेऊन ठेवायची, काही महिन्यांनी बदलायची. खर्च देणगीदारांचा, वाचकाला फुकट. नाशिकमधून निघालेल्या या पेट्या दुबईपर्यंत गेल्या, तुरुंगातही गेल्या. (आणि तुरुंगाचं म्हणाल तर 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली आमच्या इथल्याच नाशिकच्या तुरुंगात लिहिली.) पेटीची कल्पना त्याहून जुनी. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि १९११ च्या सुमारास लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेडोपाडी पाठवायला सुरुवात केली. दोन्हीकडे विचार एकच. वाचकाला पुस्तकापाशी ओढत न्यायचं नाही, पुस्तक त्याच्यापाशी न्यायचं. आपल्या घरात याचा अर्थ एवढाच की गुडघ्याच्या उंचीवर एक उघडी फळी. काच नाही, किल्ली नाही.

दुसरं, वेळ. 'रोज वीस पानं' असं सांगू नका. रोजच्या कुठल्यातरी घडणाऱ्या गोष्टीला वाचन बांधून टाका. जेवण झालं, दात घासले, अंथरूण पडलं की पंधरा मिनिटं. पानं किती झाली विचारू नका. पंधरा मिनिटांत तो एकच चित्र बघत बसला तरी चालेल. आणि त्या पंधरा मिनिटांत तुमच्याही हातात पुस्तक हवं. दिखाव्याचं नको हं, पोरांना लगेच कळतं! पेपर चालेल, दिवाळी अंक चालेल, स्वयंपाकाचं पुस्तक चालेल.

तिसरं, मुलाच्या नावानं वाचनालयाचं खातं. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. द्वारकेपासून दोनेक किलोमीटर, रिक्षानं दहा मिनिटं (सिग्नल मिळाला तर). तिथे न्या आणि निवडताना बाजूला उभ्या राहा. "हे नको, ते घे" म्हणायची जीभ दातांखाली धरा. पोर भुताची गोष्ट घेईल, विनोदाचं फालतू पुस्तक घेईल, गेल्या वेळचंच परत घेईल. घेऊ द्या. आपणही रहस्यकथांच्या पायरीवरूनच वर चढलोय, सगळ्यांच्या घरात पहिल्यापासून ज्ञानेश्वरी उघडलेली नव्हती.

आणि चौथं, विचारण्याऐवजी सांगणं. "काय वाचलंस?" हा प्रश्न महिनाभर बंद करून बघा. त्याऐवजी आपण काय वाचतोय ते आपणच सांगायचं. "अगं, आज त्या पुस्तकात काय झालं माहितीये?" पोराला वाटलं तर तेही सांगेल. आमच्या आईंना भाच्यानं अख्खी गोष्ट रंगवून सांगितली होती. का? आईंच्या हातात वही नव्हती म्हणून.

हे सगळं मी एका कागदावर लिहून वहिनींना नेऊन दिलं. त्यांनी तो उलटसुलट पाहिला. "आणि हे चेक कसं करायचं?"

"करायचंच नाही."

त्यांचा चेहरा पडला. म्हणजे बघा, तक्ता मागितला होता आणि शेजारणीनं त्यांनाच गृहपाठ दिला! पण पोरीला मात्र त्यांनी पाठवलं. आमच्या दिवाणखान्यातली खालची फळी मी रिकामी केलीय, तिथे पंधरा-वीस पुस्तकं ठेवलीत. पिल्लू येते, चप्पल न काढता फळीपाशी बसते, एक उचलते, जाते. मागच्या आठवड्यात नेलेलं पुस्तक दोन दिवसांत परत आणलं. मधल्या पानात चॉकलेटचा कागद खुणेला, म्हणजे अर्धवटच सोडलेलं. "का गं, आवडलं नाही?" अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. तिनं दुसरं उचललं आणि पळाली.

भाच्याचं काय झालं म्हणाल तर काहीच चमत्कार झालेला नाही. पुण्याला परत जाताना मी त्याच्या बॅगेत एकही पुस्तक कोंबलं नाही, एवढीच माझी प्रगती. आणि त्या वहीचं म्हणाल, तर नऊ ओळी तशाच ठेवून पुढच्या पानांवर आता दुधाचा हिशेब लिहिते. हिशेबाचीच वही होती ती, पहिल्यापासून.

लेख लांबला, क्षमस्व. तुमच्या घरात किंवा शाळेत अशी एखादी वही असेल तर सांगा. आणि ती पुरी भरली गेली असेल तर तेही सांगा, भरणारा आज वाचतो का त्यासकट.